पोचा, ओरखडा आणि टवका

वापरातील वस्तूवर वापराच्या खुणा उमटावयाच्याच. तांब्याची कळशी विहिरीच्या काठावर आपटली, की तिला पोचा पडतो. ती तांबटाकडे नेली, की तो पोचा आतून ठोकून बाहेर काढतो, आणि कळशी पुन्हा पाणी भरावयास सिद्ध होते. धातूचा हा मोठा गुण होय. तो ठोकल्याने आत जातो, तसा ठोकल्याने बाहेरही येतो. परंतु हाच पोचा लाकडाला पडला तर? लाकूड ठोकून सरळ होत नाही. ठोकावे तितके ते अधिकच दबते. त्यातून ते लाकूड एखाद्या वाद्याचे असले, म्हणजे तर प्रश्न फारच नाजूक होतो. कारण वाद्याने नुसते सुंदर दिसून भागत नाही. त्याला बोलावेही लागते.

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा ही दोन गावे तुम्ही नकाशात पाहिली असतील. पेण भोगावती नदीच्या काठी वसले आहे, तर रोहा कुंडलिकेच्या काठी. ह्या दोन्ही तालुक्यांतील गावोगावी भजन-कीर्तनाची आवड जुनी आहे. देवळातील वीणा, पखवाज आणि पेटी ही वाद्ये तेथील मुलांच्या ओळखीची असतात. अलीकडे त्यांच्या जोडीला काही घरांतून गिटारही आली आहे. ही वाद्ये दिसावयास निरनिराळी असली, तरी त्यांना होणाऱ्या दुखापती मात्र सारख्याच. कोठे एस. टी. च्या गर्दीत दाराची कड लागते, कोठे कमरपट्ट्याचे बक्कल घासते, कोठे भिंतीला टेकवून ठेवलेले वाद्य घसरून पडते. मग घरातील कोणी उत्साही माणूस रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन बसतो, आणि घडीभरात वाद्याचे कायमचे नुकसान करून ठेवतो. त्याचा हेतू चांगला असतो. पण दुखापत कोणत्या जातीची आहे, हे त्याने पाहिलेले नसते. रोग न ओळखता औषध द्यावे, तशातलाच हा प्रकार. म्हणून ह्या पाठात आपण गिटार हे वाद्य डोळ्यांसमोर ठेवून लाकडी वाद्यांच्या दुखापतींची ओळख करून घेऊ.

प्रथम वाद्य बोलते कसे, ते पाहू या. दोन खिळ्यांमध्ये नुसती तार ताणून छेडली, तर तिचा आवाज शेजारच्या खोलीतही पोहोचत नाही. तार बारीक असते. तिच्याने हवा फारशी हलत नाही. तीच तार एका पातळ फळीवर घोडी बसवून तिच्यावरून नेली, की तारेचे कंपन घोडीतून फळीत उतरते. फळी मोठी असल्यामुळे ती पुष्कळ हवा हलविते आणि आवाज खोलीभर घुमतो. ह्या वरच्या फळीला आपल्याकडील सतारी-तंबोरे करणारे कारागीर तबली म्हणतात. गिटारीची तबली अवघी दोन ते तीन मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावर पोलादी तारांच्या गिटारीत सहा तारांचा मिळून सुमारे सत्तर किलोग्रॅमचा ताण असतो. एवढा भार सोसून तिने थरथरतही राहावयाचे, असे दुहेरी काम तिच्याकडे असते.

आजच्या गिटारीला तिचे रूप देण्यात स्पेनमधील आंतोनिओ दे तोरेस ह्या कारागिराचा वाटा फार मोठा आहे. तो १८१७ साली जन्मला आणि १८९२ साली वारला. गिटारीचा आवाज मुख्यतः तबलीतून येतो, असे त्याचे मत होते. ते सिद्ध करण्यासाठी त्याने १८६२ साली एक विलक्षण गिटार केली. तिची तबली उत्तम लाकडाची होती. पण पाठ आणि बाजू मात्र कागदाच्या लगद्याच्या होत्या! ती गिटार बार्सेलोना येथील संगीत-संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. तोरेसच्या ह्या प्रयोगात आपल्या विषयापुरता मोठा धडा आहे. पाठीवरील दुखापत आणि तबलीवरील दुखापत ह्या दिसावयास सारख्या असल्या, तरी त्यांचे मोल सारखे नाही. पाठीवर थोडा अधिक लेप बसला, तर फारसे बिघडत नाही. तबलीवर मात्र जो जाड लेप आपण देऊ, तो तिच्या थरथरण्यावर ओझे होऊन बसेल.

आता दुखापतीकडे वळू. वाद्याचा पृष्ठभाग म्हणजे एकावर एक असे दोन पदार्थ असतात. खाली लाकूड, आणि त्यावर पॉलिशचा पारदर्शक थर. हा थर साध्या कागदाइतका किंवा त्याहूनही पातळ असतो. ह्या दोहोंपैकी कोणाला आणि कशी इजा झाली, त्यावरून दुखापतीच्या तीन जाती होतात. केवळ पॉलिश खरवडले गेले, तर तो ओरखडा. लाकूड दाबले गेले, पण तुटले नाही, तर तो पोचा. आणि लाकडाचा तुकडाच उडाला, तर तो टवका. मराठीने हे तीन शब्द नेमके वेगळे ठेवले आहेत. दुरुस्ती करणाऱ्याने तेवढेच काटेकोर असावयास हवे.

ओरखडा पांढरा का दिसतो, ह्याचा तुम्ही कधी विचार केला आहे काय? पॉलिश पारदर्शक, खालचे लाकूड तांबूस किंवा पिवळसर. मग मध्येच हा पांढरा रंग कोठून आला? खिडकीच्या काचेचे उदाहरण घ्या. काच खरकागदाने घासली, तर ती धुरकट पांढरी दिसू लागते. तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंबाखालची जागा लगेच पुष्कळशी स्वच्छ दिसते. काचेचा रंग मुळात बदललेलाच नव्हता. तिचा पृष्ठभाग खडबडीत झाल्यामुळे त्यावर पडलेला प्रकाश नाना दिशांना विखुरला जात होता. पाण्याने ते खळगे भरून काढले आणि विखुरणे थांबले. ओरखड्याचेही तसेच असते. म्हणून त्यावर रंग लावणे हा उपाय नव्हे. ओरखड्याची पोकळी पारदर्शक पदार्थाने भरून काढणे आणि पृष्ठभाग पुन्हा सपाट करणे, हाच खरा उपाय होय.

पोकळी कोणत्या पदार्थाने भरावयाची, हे मूळ पॉलिश कशाचे आहे त्यावर ठरते. जुन्या वाद्यांवर बहुधा लाखेचे पॉलिश असते. लाख ही एका चिमुकल्या किड्याची देणगी आहे. पळस, बोर, कोशिंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे हजारोंनी वस्ती करतात, झाडाचा रस शोषतात आणि आपल्या अंगाभोवती राळेसारखे कवच तयार करतात. त्या फांद्या तोडून, कवच खरवडून, धुऊन आणि वितळवून लाखेचे पातळ पापुद्रे करतात. त्यांना चपडा म्हणतात. महाभारतातील लाक्षागृहाची कथा तुम्हांला ठाऊकच आहे. लाख ही लवकर पेट घेते, हे त्या काळच्या लोकांनाही माहीत होते. झारखंड आणि छत्तीसगड ह्या राज्यांत आजही लाखेचे पीक मोठ्या प्रमाणावर निघते. रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी १९२४ साली एक खास संस्था स्थापन झाली.

चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो. ह्या द्रावात कापसाची पुरचुंडी किंचित भिजवून लाकडावर हलक्या हाताने फिरविली, की स्पिरिट उडून जाते आणि लाखेचा अत्यंत पातळ थर मागे राहतो. असे कित्येक थर एकावर एक चढविले, म्हणजे लाकडाला ती खोल, मऊ चकाकी येते. दुरुस्तीच्या दृष्टीने लाखेचा एक गुण मोठाच आहे. नव्या थरातील स्पिरिट जुन्या थराला किंचित विरघळविते, आणि नवे-जुने एकजीव होऊन जातात. सांधा दिसत नाही. कारखान्यात तयार होणाऱ्या आजच्या बहुतेक स्वस्त गिटारींवर मात्र प्लॅस्टिकच्या जातीचा कठीण थर दिलेला असतो. पॉलियुरेथेन, पॉलिएस्टर ही त्याची नावे. हा थर एकदा घट्ट झाला, की स्पिरिटने विरघळत नाही. त्यावर दिलेला नवा थर वेगळाच राहतो आणि त्याची कड दिसत राहते. म्हणून अशा गिटारीच्या ओरखड्यात कारागीर पारदर्शक द्रव थेंबाथेंबाने भरतात, आणि तो सुकल्यावर घासून सपाट करतात.

मग पॉलिश कोणते, हे ओळखावे कसे? वाद्याच्या सहसा न दिसणाऱ्या जागी, कापडाच्या टोकावर स्पिरिटचा एक थेंब घेऊन हळूच टेकवून पाहावा. जागा चिकट झाली, तर पॉलिश लाखेचे असण्याचा संभव फार. काहीच झाले नाही, तर ते आधुनिक कठीण पॉलिश समजावे. ही परीक्षा वडील माणसाच्या देखत करावी. स्पिरिट झटकन पेट घेते, तेव्हा जवळपास चूल, निरांजन किंवा पेटती उदबत्ती असता कामा नये.

ओरखडा भरताना घाई अगदी निषिद्ध आहे. भरलेला द्राव सुकला, की आकसतो. काल तुडुंब भरलेली चीर आज पुन्हा खोलगट दिसते. म्हणून थोडे भरावे, सुकू द्यावे, पुन्हा थोडे भरावे. भराव आजूबाजूच्या पृष्ठभागाहून केसभर उंच झाला, म्हणजे तो नीट कठीण होईतो थांबावे. लाखेचा थर पुरता कठीण होण्यास काही आठवडेही लागतात. नंतर बारीक वॉटरपेपर ओला करून, लाकडाच्या लहानशा ठोकळ्याभोवती गुंडाळून, केवळ तो उंचवटाच घासावा. प्रथम चारशे-सहाशे अंकांचा, मग हजाराचा, शेवटी दोन हजारांचा. अंक जितका मोठा, तितका कागद बारीक. शेवटी मऊ फडक्याने चकाकी आणावी.

पेण-रोह्याच्या लोकांनी ह्या कामी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची असते, ती म्हणजे ऋतू. ह्या भागात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो. श्रावणातील ओल्या हवेत लाखेचे पॉलिश केले, तर थोड्याच वेळात त्यावर दुधासारखी पांढरट झाक चढते. ह्याचे कारण सोपे आहे. स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो; हातावर स्पिरिट लावल्यास गार वाटते, ते ह्यामुळेच. त्या थंड पृष्ठभागावर हवेतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब जमतात आणि ओल्या लाखेत अडकून पडतात. म्हणून जाणता कारागीर दसऱ्यानंतरच्या कोरड्या, स्वच्छ हवेची वाट पाहतो. वाद्य पावसाळाभर थांबले, तर त्याचे काही बिघडत नाही. घाईने मात्र बिघडते.

आता पोचा पाहू. लाकूड वरवर भरीव दिसले, तरी ते खरोखर असंख्य बारीक नळ्यांचे बनलेले असते. झाड जिवंत असताना ह्या नळ्यांतून पाणी वर चढत असे. आता त्या रिकाम्या आहेत, पण त्यांच्या भिंती शाबूत आहेत. बोथट वस्तूचा आघात झाला, की त्या जागच्या नळ्या चेपतात. रबरी नळीवर पाय द्यावा, तशी त्यांची गत होते. नळी फाटलेली नसते. चपटी झालेली असते. लाकडाच्या भिंतींना पाणी आणि उष्णता एकदमच मिळाली, तर त्या मऊ होतात, फुगतात आणि आपल्या मूळ आकाराकडे परत येऊ पाहतात. पोचा काढण्याची सारी विद्या ह्या एका गुणावर उभी आहे. तांबट पोचा बाहेरच्या जोराने काढतो. लाकूड आपला पोचा आपणच काढते. कारागिराने त्याला केवळ संधी द्यावयाची असते.

हे तुम्हांला घरच्या घरी पडताळून पाहता येईल. फळांच्या जुन्या खोक्याची मऊ लाकडाची एक पट्टी घ्या. तिच्यावर चमच्याच्या दांड्याचा गोल भाग दाबून एक खळगा पाडा. शेजारीच, वडीलधाऱ्यांच्या मदतीने, चाकूने लाकडाचा एक छोटा कण काढून तेवढ्याच आकाराचा दुसरा खळगा करा. दोहोंवर कोमट पाण्याचे थेंब टाका, आणि अर्ध्या तासाने पाहा. दाबलेला खळगा उथळ झालेला दिसेल. कापलेला आहे तसाच राहील. पोचा आणि टवका ह्यांतील भेद ह्या लहानशा पट्टीवर जितका स्पष्ट दिसतो, तितका पानभर वर्णनानेही सांगता येणार नाही.

वाद्यावर हेच काम करताना कारागीर प्रथम पोच्यापुरते पॉलिश हलकेच काढतो. पॉलिशचा थर शाबूत असला, तर पाणी लाकडापर्यंत पोहोचतच नाही. उलट लाखेचे पॉलिश वाफेने पांढरे पडते. मग तो सुती कापडाची छोटी घडी ओली करून, पिळून, पोच्यावर ठेवतो आणि इस्त्रीचे केवळ टोक तिला दोन-तीन क्षण टेकवितो. वाफेचा सुस्कार निघतो. तो लगेच इस्त्री उचलतो, पाहतो, आणि गरज वाटल्यास पुन्हा टेकवितो. लाकूड वर आले, की काम थांबवून ते एक-दोन दिवस सुकू देतो. नंतर बारीक कागदाने जागा साफ करून पॉलिशचे थर चढवितो.

येथे एक मोठा धोका आहे. वाद्याचे निरनिराळे भाग पुष्कळदा सरसाने जोडलेले असतात. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून काढलेला गोंद. ऊब आणि ओल मिळाली, की तो मऊ होतो. घोडीजवळ किंवा कडांच्या सांध्याजवळ वाफ लागली, तर पोचा निघेल, पण सांधाच सुटेल. पुष्कळ स्वस्त गिटारी तर प्लायवुडच्या, म्हणजे पातळ पापुद्रे चिकटवून केलेल्या लाकडाच्या असतात. त्यांत वाफेने पापुद्रेच सुटण्याची भीती असते. म्हणून सांध्याजवळच्या पोच्याला आणि प्लायवुडच्या गिटारीला वाफ न देणेच शहाणपणाचे.

टवक्याची गोष्ट वेगळी. तेथे लाकूड उरलेलेच नसते, तेव्हा वाफेने फुगणार काय? पुष्कळ जण लाकडाचा भुसा गोंदात कालवून खड्ड्यात लिंपतात. भुशात लाकडाचे धागे अस्ताव्यस्त पडलेले असतात आणि गोंदाने ते गडद होतात. त्यामुळे पॉलिश चढल्यावर ती जागा काळपट डागासारखी उठून दिसते. चांगला कारागीर त्याच जातीच्या लाकडाची चिमुकली ढलपी शोधतो. तिचे धागे मूळ लाकडाच्या धाग्यांशी जुळतील अशी ती बसवितो आणि मग कडा सपाट करतो. गिटारीची पाठ शिसवी लाकडाची असेल, तर ढलपीही शिसवीच हवी. सह्याद्रीच्या रानांत वाढणारा शिसव जगभरच्या गिटारी करणाऱ्यांना प्रिय आहे. ब्राझीलमधील शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ साली कडक निर्बंध आल्यापासून तर आपल्या देशातील शिसवाचे महत्त्व आणखी वाढले. तेव्हा परदेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या वाद्याच्या अंगात आपल्याकडील रानाचाही अंश असू शकतो!

भरणे, सुकू देणे आणि सपाट करणे ही शिस्त पेणच्या मुलांना नवी वाटू नये. पेण शहर आणि त्या तालुक्यातील हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहेत. शाडूची मूर्ती सुकताना तिला बारीक चीर गेली, तर त्या कोरड्या चिरेत ओल्या मातीचा गोळा एकदम कोंबून चालत नाही. ओली माती सुकताना आकसते आणि चीर पुन्हा उघडी पडते. म्हणून चीर ओलसर करून माती थोडीथोडी भरावी लागते, आणि सुकल्यावर घासून सारखी करावी लागते. त्यानंतरच रंग. खालचा पृष्ठभाग वाकडा असला, तर वरचा चकचकीत रंग तो दोष झाकत नाही, उलट अधिक उठवून दाखवितो. माती असो वा लाकूड, हा नियम सर्वत्र सारखाच लागू पडतो.

ह्या तिन्हींहून गंभीर अशी एक चौथी दुखापत आहे. ती म्हणजे भेग. भेग आरपार गेली, म्हणजे तारांचा ताण तिला रोज थोडाथोडा रुंद करीत जातो. अशा वेळी तारा सैल कराव्या आणि वाद्य जाणत्या कारागिराकडे न्यावे. घरगुती उपायांची सीमा येथे संपते. महाराष्ट्रात अशा कारागिरीचे मोठे पीठ म्हणजे सांगली जिल्ह्यातील मिरज होय. तेथील वाद्यनिर्मितीची परंपरा १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार ह्यांच्यापासून सुरू झाली, असे मानतात. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणारे कारागीर. शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा ह्या घराण्यांचे कुशल हात तंबोरे आणि सतारी घडविण्याकडे वळले. पंढरपूरच्या परिसरात पिकणाऱ्या मोठ्या भोपळ्यांतून तंबोऱ्याचा पोटाकडील भाग तयार होतो, आणि तुणीच्या लाकडातून दांडी व तबली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या हातांनी तलवारींना चकाकी दिली, त्यांच्याच वारसांनी वाद्यांना वाणी द्यावी, ही महाराष्ट्राच्या इतिहासातील किती सुंदर घटना आहे!

शेवटी एक प्रश्न उरतो. प्रत्येक खूण पुसलीच पाहिजे काय? अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. एक वारकरी दमला, की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. अशा वीणेच्या दांडीवर, जेथे शेकडो हात टेकले, तेथील पॉलिश झिजून गेलेले असते आणि लाकूड गुळगुळीत झालेले असते. ती दुखापत नव्हे. ती सेवेची खूण आहे. अमेरिकेतील विली नेल्सन ह्या गायकाने १९६९ साली एक गिटार घेतली. तिच्या तबलीवर बोटांचा आणि नखीचा इतका मारा झाला, की ध्वनिछिद्राशेजारी दुसरे भोकच पडले. त्याने ते बुजविले नाही. तबली आणखी कमकुवत होऊ नये म्हणून कारागिराकडून तिची वेळोवेळी निगा राखून घेतली, आणि तीच गिटार घेऊन तो पुढे कित्येक दशके गात राहिला. त्याला तिचे रूप जपावयाचे नव्हते. त्याला तिचा आवाज जपावयाचा होता.

तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने आपल्या मनाला तीन प्रश्न विचारावे. ही दुखापत कोणत्या जातीची आहे? ती वाढणारी आहे, की आहे तेवढीच राहणारी? आणि माझ्या उपायाने वाद्याचा आवाज सुधारेल, तसाच राहील, की बिघडेल? वाढणारी भेग आज थांबवावी. लाकूड उघडे पडले असेल, तर त्याला पॉलिशचे कवच द्यावे, म्हणजे कोकणातील दमट हवा आणि हाताचा घाम आत शिरणार नाही. पोच्याला वाफ द्यावी. पण तो सांध्याजवळ असेल, तर खुशाल राहू द्यावा. आणि केवळ डोळ्यांना खुपणाऱ्या एखाद्या लहानशा ओरखड्यासाठी तबलीवर लेपांचे ओझे कधीही चढवू नये. हाताला कौशल्य असावे लागते, हे खरेच. पण हात केव्हा आवरावा, हे ज्याला कळले, त्याच्याच हाती वाद्य निर्धास्तपणे सोपवावे.